पाचाचे तीन

तुमच्या गावच्या लोखंडी पुलाचा जोड कोणी मारला, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या तुकडीनं बांधलेल्या पुलाचा मला ठाऊक आहे. वेल्डर नंबर चौदा. लान्स नाईक कोडापे, तालुका पोंभुर्णा.

मी गोंडपिपरीचा, फौजेत नाईक होतो. आमच्या इंजिनियर तुकडीचं पोस्टिंग गडचिरोलीच्या पुढे, जंगलातल्या एका नाल्यावर होतं. पायी जाण्यासाठी लोखंडी पूल उभारायचा होता. पलीकडच्या गावातली माणसं पावसाळ्यात आजाऱ्याला खाटेवर घालून नाला ओलांडत. सकाळी साडेपाचला फॉल-इनची हजेरी, सातला वेल्डिंग मशीन सुरू. पास झालेल्या प्रत्येक वेल्डरकडे नंबराचा पंच असे. जोड मारला की शेजारी स्वतःचा नंबर ठोकायचा.

सहा महिने हात मशीनला लागला नाही, तर पंच जमा आणि परीक्षा पुन्हा. कोडापे मलेरियानं मरता मरता वाचला होता. हॉस्पिटल, मग सिक लीव्ह. सात महिन्यांनी परतला तेव्हा हाताला बारीक कंप होता. परीक्षेत नापास झाला. रिटेस्टला दोन तुकडे, दोन्ही पास व्हायला हवेत. जोडलेला तुकडा प्रेसमध्ये घोड्याच्या नालासारखा वाकवायचा आणि जोडावर उघडलेली भेग मोजायची. तीन मिलिमीटरपर्यंत पास. सुभेदार साहेबांनी मोजायला मला बसवलं, कारण 'नियम सगळ्यांना सारखा' हे बराकीत मीच सर्वांना ऐकवत असे.

"काऊन रे, असा तोंड पाडून बसला? परीक्षा माही आहे का तुही?" कोडापे म्हणाला.

पहिला तुकडा स्वच्छ निघाला. दुसऱ्यावर भेग होती. मी स्केल लावली.

"किती?"

"पाच."

त्याचं हसू गेलं. "पंच परत नाई भेटला तं मले वाळू उपसाले लावतील. माह्या हाताले दुसरं काही येत नाई. दोन मिलिमीटरनं पूल पडते का?"

"कोडापेभाऊ, नियम आहे."

"नियम बाहेरच्यायसाठी. तू तं आपला माणूस आहेस नं?"

बाहेरून सुभेदार साहेबांनी विचारलं, "रिझल्ट?"

"तीन, साहेब. पास."

कोडापेनं परत मिळालेला पंच खिशात घातला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. तेही इथे लिहून ठेवतो.

महिन्याभरात पूल उभा राहिला. चौदा नंबरचे जोड वरून सुंदर दिसत होते. लोड टेस्टला पुलावर वाळूच्या गोण्या रचल्या. आमच्या तुकडीत रीत होती: भार चढला की जोड मारणाराच पहिला चालत जाणार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कोडापे निघाला. मधे थांबून माझ्याकडे बघत ओरडला, "पाहून घे, पाचाचे तीन करणाऱ्या!"

नऊ वाजून अकरा मिनिटांनी जोड उघडला आणि पुलाचा मधला भाग कोसळला. मी रेडिओ उचलला.

"स्पॅन खाली. एक जवान खाली, खडकावर. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"चौदा नंबर."

रेडिओ टाकून मी नाल्यात उतरलो; कोडापे गेला होता.

चौकशीत मी खरं सांगितलं. रँक गेली, फौज सुटली. पोंभुर्ण्याला त्याच्या आईसमोर बसलो. तिनं एकच विचारलं, "त्याची परीक्षा कोनं घेतली?"

"म्या, बाई."

ती उठून आत गेली. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो. ती बाहेर आली नाही.

यंदा आमच्या गावाजवळ नवा लोखंडी पूल झाला. मी सगळे जोड पाहिले. एकाशेजारीही नंबर नाही. विचारलं, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आपलीच पोरं आहेत." लोक त्यावरून जाऊन राहिले आहेत.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या पुलावर जोडाशेजारी नंबर शोधा. ग्रामसभेत उभे राहा, त्या नंबराच्या माणसाचा परीक्षेचा कागद मागा, रिटेस्ट झाली असेल तर तोही मागा. कोणी म्हणालं, "जाऊ द्या, आपलाच माणूस आहे," तर त्याला कोडापेचं नाव सांगा.

आणि मोजणाऱ्याचं नावही विचारा.