अमेरिकेच्या तळ्यातला बर्फ

शेजारी सुतारकाम चाललं आहे. ओल्या भुशाचा वास आला आणि ठाण्यातली ती जुनी दुपार आठवली. माझा मित्र दामू गेल्या महिन्यात गेला. निदान त्याच्या मुलांसाठी तरी आता खरं लिहून ठेवतो.

माझी पत्नी उमा तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवायला सांगितला. दामूने मुंबईहून आगगाडीने तो भुशात गुंडाळून आणला. तेव्हा इथे बर्फ तयार होत नसे; अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात गोठलेली तळी करवतीने कापतात, तिथून जहाजाने आलेला तो बर्फ.

"हा धंदा ज्याने काढला ना, त्याला तिथले लोक वेडा म्हणायचे," दामू हसत म्हणाला. "ठेव लवकर, वहिनींना उतार पडेल." आणि परतीच्या गाडीसाठी तो धावतच गेला.

काका दारात आडवे उभे राहिले. "म्लेंच्छांच्या तळ्यातलं पाणी घरच्या सुनेच्या कपाळावर? वाळीत टाकतील आपल्याला!"

मी बर्फ मोरीत नेऊन ठेवला. आत उमा कण्हत होती आणि मी तो विरघळताना बघत बसलो. संध्याकाळी ती गेली.

बर्फ कुठला ते दामूने लपवलं आणि त्या बर्फाच्या गारठ्याने ती गेली, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. दामूच्या घरचं पाणी पिणं लोकांनी बंद केलं.

तेराव्यानंतर दामू आला. पायरीवरच उभं राहून त्याने विचारलं, "खरं सांग रे, माझ्या बर्फानेच गेल्या का वहिनी?"

बर्फ तिला शिवलाही नव्हता. मी म्हणालो, "हो."