मागच्या गाडीत पक्का ड्रायव्हर

बाबांची छोटी गाडी नाहूरला आमच्या सोसायटीत बंद पडून होती आणि ती दुरुस्त करायची की नाही, यावरून आईचं आणि माझं चांगलंच वाजलं होतं. इंजिनातला टायमिंग बेल्ट तुटला होता. बाबा रोज सकाळी खाली जाऊन तिच्या काचा पुसायचे, मग आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि तसेच बसून राहायचे. मला ते बघवत नव्हतं. जन्मभर या शहरात बस चालवलेला माणूस, त्याची स्वतःची गाडी तरी चालू करून द्यावी, एवढंच माझं म्हणणं होतं. आई म्हणाली, "राहू दे ना. बंदच बरी आहे ती."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण आईवर मी त्या दिवसांत जरा जास्तच चिडायचे. बाबा निवृत्त झाल्यावर ती त्यांच्या प्रत्येक गोष्टीत लुडबुड करते, असं मला वाटायचं. ते भाजी आणायला निघाले की ही चपला घालून त्यांच्या मागे. ते गाडी काढून मित्राकडे निघाले की ही शेजारच्या सीटवर हजर. ते बोलायला लागले की त्यांचं वाक्य हिने पुरं करायचं. "त्यांना जरा श्वास घेऊ दे गं," असं मी एकदा तोंडावर म्हटलं. ती कणीक मळत राहिली.

आदल्या वर्षी मी एसयूव्ही घेतली होती. गाडी ताब्यात घ्यायला आम्ही तिघं गेलो, तेव्हा शोरूममधल्या बाईंनी एकेक बटण समजावून सांगितलं. गाडी घसरायला लागली तर ती स्वतःच ओळखते, त्या म्हणाल्या. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरी कुठे चाललीय, हे ती सतत ताडून बघते. दोन्ही जुळेना झालं की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडी सरळ करते.

"मगे ड्रायव्हर कित्याक होयो?" बाबांनी विचारलं. मग ड्रायव्हर हवाच कशाला, हा त्यांचा सवाल. घुश्शात असले की ते थेट मालवणीत शिरतात.

आईने गाडीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल उभ्या आयुष्यात प्रश्न विचारला नव्हता. तिने त्या दिवशी विचारला. "ती असं करते, ते चालवणाऱ्याला कळतं का हो?"

"समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो, काकू. तेवढंच. पुष्कळांचं लक्षही जात नाही."

आईने मान हलवली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असेल, असं मला वाटलं.

शेवटी दुरुस्तीच्या बाबतीत मीच जिंकले. बाबांचा मेकॅनिक मालाडला. दुसऱ्या कोणाचा हात ते गाडीला लावू देत नाहीत. मी क्रेन बोलवायचं म्हटलं तर म्हणाले, क्रेनवाले गाडीची वाट लावतात, आपण तुझ्या गाडीला बांधून नेऊ. मागे कोण बसणार, हे कोणी विचारलंच नाही, कारण त्याचा नियम आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. डेपोतली बंद बस ओढून न्यायची असेल तर पुढे कोणीही बसवा, मागच्या गाडीत पक्का ड्रायव्हर बसतो.

नियमात तथ्य आहे. पुढच्याला फक्त सावकाश आणि सरळ जायचं असतं. मागच्याकडे इंजिन नसतं, त्यामुळे स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकवर अंगातला सगळा जोर टाकावा लागतो. शिवाय दोरी सांभाळायची ती मागच्यानेच. ती कायम ताठ हवी. पुढची गाडी हळू होतेय असं दिसलं की मागच्याने लगेच ब्रेक मारायचा, नाहीतर दोरी ढिली पडते. ढिली पडलेली दोरी पुढच्या हिसक्याला तुटते, किंवा मागची गाडी सरळ पुढचीवर येऊन आदळते. म्हणून पक्का ड्रायव्हर. आमच्या घरात पक्का ड्रायव्हर कोण, हा प्रश्न विचारणं म्हणजे देवळात जाऊन देव कुठला ते विचारण्यासारखं होतं. आम्ही मान राखला आणि तिथेच चुकलो.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. गणपती होऊन गेले होते, पण पाऊस काही हलायला तयार नव्हता, मधूनच भुरभुरायचा. बाबा दोरी हातात घेऊन दोन्ही गाड्यांच्या मधे उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग आई हळूच म्हणाली, "अहो, त्या बंपरखालच्या कडीत ना?"

"मग काय, कडीतच," बाबा म्हणाले आणि खाली बसून त्यांनी अशी सुरेख गाठ मारली की मी बघतच राहिले. तिला मधे बोलायची काय गरज होती, असं मात्र मनात आलंच. मी दोरीच्या मधोमध लाल फडकं बांधलं, दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू केले. गाडीचं पुस्तक मी आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं. मागे काही जोडलेलं असलं की गाडी नेहमीसारखी वागत नाही, वेग कमी ठेवायचा, ब्रेक लांबूनच हलका सुरू करायचा, हे सगळं मी बाबांना सांगायला लागले.

"मागे मी बसतंय," ते म्हणाले. "तू फक्त सरळ चल. दोरी माझ्यावर सोड."

तेवढ्यात आई त्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

"तुझं काय काम तिथे? पुढे माझ्या गाडीत बस ना, एसी आहे."

"मी इथेच बरी आहे."

"वरात निघालीय का तुमची?"

ती हसली नाही. तिने पट्टा लावला आणि समोर बघत बसली.

कांजूरमार्गपर्यंत माझा जीव मुठीत होता. आरशात सारखी दोरी बघत होते. सिग्नल आला, मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला आणि दोरी जराही खाली आली नाही. बाबा थांबले होते. पुढच्या सिग्नललाही तसंच. पवईच्या चढावर, उतारावर, रिक्षा आडवी आली तेव्हासुद्धा दोरी ताठच्या ताठ. आरशात बाबा दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सरळ, बस चालवताना बसायचे तसेच. शेजारी आई पुढे वाकून, एक खांदा खाली टाकून बसली होती. पाठ दुखत असेल तिची, म्हणून सांगत होते पुढे बस, असं मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले. आणि बाबांचा मला इतका अभिमान वाटला, की गाडीत एकटीच असताना मी मोठ्याने "झकास, बाबा" म्हणाले.

गर्दी टाळायला मी आरेच्या झाडीतून जाणारा रस्ता धरला. तिथे एका ओल्या चढावर माझं एक चाक जागच्या जागी फिरलं, समोरचा पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाने क्षणभर जोर आवरला आणि गाडी पुन्हा चालायला लागली. चढ संपून उतार लागला. उताराच्या वळणावर डाव्या हाताच्या तबेल्यातून म्हशी रस्त्यावर आल्या. पाऊस आणि शेण मिळून रस्ता बुळबुळीत झालेला. मी ब्रेक मारला. हलका नाही, जसा बसला तसा बसला.

मागून दोरीने मला एका बाजूला ओढलं. माझ्या गाडीचं मागचं अंग सरकलं, पिवळा दिवा भराभर लुकलुकायला लागला, पायाखाली ब्रेक थरथरला आणि गाडी आपली आपण सरळ झाली. मला काही करावंच लागलं नाही. मागे दोरीला काय बांधलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने स्वतःपुरतं सावरलं. आरशात मला आमची छोटी गाडी आडवी होताना दिसली. तिची मागची चाकं फिरत नव्हती, नुसती घसरत होती. दोरी तुटल्याचा आवाज आला आणि गाडी डाव्या बाजूने झाडावर जाऊन आदळली. डावी बाजू म्हणजे आईची.

मी धावत गेले. बाबांना खरचटलंही नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. "ब्रेक दाबलाय गो मी," ते म्हणाले, "पुरो दाबलाय." मी खाली बघितलं. त्यांनी खरोखरच सगळा जोर लावला होता. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, अगदी तळापर्यंत.

इंजिन बंद होतं म्हणून निभावलं. एवढंच माझ्या डोक्यात आलं.

आईचं डावं अंग दाराच्या पत्र्यात दबलेलं. कपाळावरून रक्त येत होतं. तिचा उजवा हात दोन सीटच्या मधे होता, हँडब्रेकच्या दांड्यावर, वर ओढलेला, आणि मनगट भलतीकडेच वळलेलं. तिच्या तळव्याला फोड आले होते. आमच्या दारापासून आरेपर्यंत प्रत्येक वेळी तिनेच गाडी थांबवली होती. दोरी तिने ताठ ठेवली होती. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. बुळबुळीत उतारावर तो जोरात ओढला की गाडी गरकन फिरते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"त्यांना काही बोलू नकोस," हे तिचं पहिलं वाक्य.

हॉस्पिटलात मी तिच्यावर ओरडले. बरगड्या मोडलेल्या, हातात सळई घातलेल्या बाईवर ओरडले. का सांगितलं नाहीस? ती छताकडे बघत सावकाश बोलली. आधी बाबा रस्ते विसरायला लागले. मग एकदा सोसायटीच्या गेटमध्ये त्यांना ब्रेक सापडेना. तिने घाबरून दांडा ओढला आणि गाडी थांबली. "मग मला जमायला लागलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघायचे आणि ओढायचं. स्टिअरिंग ते अजून मस्त धरतात गं. हात नाही विसरले, पाय विसरले."

"आणि कोणाला उडवलं असतं म्हणजे?"

"म्हणून तर म्हणत होते, बंदच बरी आहे."

"मग सरळ सांगायचंस ना मला."

"तू त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली असतीस," आई म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "मला गाडी चालवता येत नाही. थांबवता येते."

ती हॉस्पिटलात असताना बाबांचं सगळं मी एकटी बघत होते आणि मला एकेक कळत गेलं. शर्टाची बटणं ती लावायची. गोळ्या ती हातावर ठेवायची. संडासाचा दिवा ती रात्रभर चालू ठेवायची, नाहीतर त्यांना दार सापडायचं नाही. त्यांची वाक्यं ती का पुरी करायची, तेही कळलं, कारण ती नसताना ती वाक्यं अर्ध्यावरच राहायची आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला रडू यायचं आणि त्याच वेळी आईचा भयंकर रागही यायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आता हे वाढतच जाणार, म्हणाले.

भेटायच्या वेळेत बाबा आईच्या पलंगाशी बसत आणि शेजारच्या पेशंटला रोज तीच हकीकत सांगत. बंद गाडी मी नाहूरहून आणली, रस्ताभर दोरी हलू दिली नाही. अपघात त्यांच्या लक्षातच नव्हता. सांगून झालं की आईकडे वळून विचारायचे, "काय गो, ढिली पडली?" आई म्हणायची, "छे. एकदम ताठ." मी उठून बाहेर जायचे. मला तो खोटेपणा सहन व्हायचा नाही.

आईला घरी सोडलं, त्या दिवशी मी एसयूव्ही हॉस्पिटलच्या दारात आणली. उजव्या हाताची पकड परत येणार नाही, असं तिला सांगून झालं होतं. तिला मागच्या सीटवर बसवून मी वळले, तर बाबा ड्रायव्हरच्या दाराशी उभे. हात पुढे केलेला, चावीसाठी. मी आईकडे बघितलं. ती दोन पुढच्या सीटच्या मधली जागा बघत होती. माझ्या गाडीत तिथे दांडा नाही, नुसतं एक बटण आहे.

"ह्यात ओढायचं काही नाही का गं?" तिने विचारलं.

बाबांचा हात तसाच होता. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मला सगळं खरं सांगून टाकायचं होतं. पाय विसरलेत, आईचा हात गेलाय, चावी आता कधीच मिळणार नाही. तोंडही उघडलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "आपल्याला ओढून न्यायचीय. पुढे मी बसते. मागे पक्का ड्रायव्हर लागतो ना?"

त्यांचा चेहरा खुलला. "ता खराच," म्हणाले आणि मागे आईच्या शेजारी जाऊन बसले, मान सरळ, हात गुडघ्यांवर. मी गाडी काढली. पहिला सिग्नल आला तसा मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली.

"बघ," मागून बाबा म्हणाले, "दोरी ढिली पडली काय?"

आरशात आई माझ्याकडे बघत होती.

"नाही पडली, बाबा," मी म्हणाले.