परीक्षाबाईंचे बूट

आमच्या प्रौढ वर्गाच्या बाईंनी सांगितले की, ज्या साध्या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत, त्याच्याविषयी लिहावे. मी पुष्कळ विचार केला आणि परीक्षाबाईंची निवड केली. त्यांचा माझा सहवास जेमतेम एका दिवसाचा. परंतु जे घडले ते सर्व मला स्वच्छ आठवते.

गेल्या वर्षी आम्ही चौघे डोंगरात चार दिवसांच्या पायी प्रवासाला गेलो होतो. मी, माझा मुलगा, सूनबाई आणि दहा वर्षांची नात. त्या डोंगरात एकेका दिवसाच्या चालीवर एकेक लाकडी घर आहे. त्यास निवारा म्हणतात. दिवसभर चालावे, निवाऱ्यात मुक्काम करावा आणि सकाळी पुढच्या निवाऱ्याकडे निघावे, अशी पद्धत. असे तीन निवारे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक उंच कडा ओलांडावा लागतो. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. लोक कधीही अडकतात, त्यामुळे त्याला सलग चार दिवसांची रजा आठ वर्षांत मिळालेली नव्हती. ती मिळाली तेव्हा त्याने प्रथम मला विचारले, "आई, येशील ना?" मी हो म्हणाले. मी तीस वर्षे इस्पितळाच्या धुलाई विभागात उभ्याने काम केले आहे. पायांविषयी मला शंका नव्हती.

शंका बुटांविषयीही नव्हती, आणि तीच माझी चूक झाली. माझ्या यजमानांनी निवृत्त होताना आम्हा दोघांसाठी डोंगरात चालायचे बूट आणले होते. त्याच हिवाळ्यात ते गेले. माझे बूट मी बारा वर्षे खोक्यात जपले. वर्षातून दोनदा बाहेर काढून पुसले, पॉलिश केले आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवले. ज्या अर्थी ते वापरले नाहीत, त्या अर्थी ते नवे आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. सूनबाई दुकानात चला म्हणाल्या, तर मी म्हटले, घरात नवे असताना कशाला.

पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नात माझ्या मागून चालत होती. ती म्हणाली, "आजी, तुझा बूट जांभया देतोय." मी खाली पाहिले. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि प्रत्येक पावलाला उघडत होता. थोड्याच वेळात डावाही सुटला. माझ्या तोंडचे पाणी पळाले. मुलाने दोरीने दोन्ही बूट बांधले आणि मी बदकासारखी चालत कसाबसा दुसरा निवारा गाठला.

तो निवारा परीक्षाबाई सांभाळतात. विसाव्या वर्षी त्या तेथे एका उन्हाळ्यापुरत्या भांडी घासायला आल्या, कारण स्वयंपाक्याचा हात मोडला होता. त्याला आता एकतीस उन्हाळे झाले. ठेंगणा बांधा, मनगटे पुरुषासारखी जाड. घोंगड्यांच्या घड्या त्या तिहेरी घालतात आणि काठाचा रंगीत पट्टा बाहेर ठेवतात. घडीच्या बाबतीत मी सहसा कोणाला मानत नाही, त्यांना मानले.

त्यांच्या नावामागे कारण आहे. फार वर्षांपूर्वी एक शाळामास्तर बुटाचा पट्टा तुटून कड्यावर धुक्यात अडकले. ते जिवंत सापडले, पण थंडीने पायाची तीन बोटे गेली. निघताना त्यांच्या बुटांकडे आपण पाहिले नाही, याची बाईंना खंत लागली. तेव्हापासून कड्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला त्या निवाऱ्यापासून झऱ्यापर्यंतच्या बेचाळीस दगडी पायऱ्या तीनदा उतरायला आणि चढायला लावतात. त्या स्वतः वर उभ्या राहून फक्त पायांकडे पाहतात. बूट नापास झाला, तर माणूस नापास.

हंगाम संपत आला होता. त्या दिवशी आमच्याशिवाय तेथे कोणी नव्हते. बाईंनी माझे बूट हातात घेतले, अंगठ्याने तळ दाबला आणि आतून पिवळा भुगा पडला. आतला थर नुसता ठेवल्याने विरून जातो, चालते बूट जास्त टिकतात, असे त्यांनी मला समजावले. मी पॉलिशचा उल्लेख केला. त्या म्हणाल्या, "वरून चकाचक आहेत, आजी. त्यात खोट नाही."

संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी त्यांची विश्रांतीची एकच घटका असते. ती त्यांनी माझ्या बुटांवर घालवली. डिंक, तार, जुन्या पिशवीचे पट्टे, सर्व उपाय केले. नंतर मला पायऱ्यांवर पाठवले. पहिल्या फेरीला बूट टिकले. दुसऱ्या फेरीला उजव्या बुटाचा तळ निघाला आणि टप्प टप्प करत माझ्या आधी झऱ्यावर पोहोचला. नात हसली आणि तो आणायला धावली.

"कड्यावरून नाही," बाई म्हणाल्या. "आल्या वाटेने सावकाश खाली जा. तिथवर बांधून देते."

मी मुलाला सुचवले की, तुम्ही तिघांनी पुढे जावे. मी येथे थांबेन, नंतर कोणाच्या तरी सोबतीने खाली उतरेन. तो म्हणाला, "तुला टाकून जायचं होतं तर आठ वर्षं रजेची वाट कशाला बघितली?" सूनबाईंनी पिशव्या परतीसाठी आवरायला घेतल्या. माझ्या काटकसरीमुळे तिघांची रजा वाया जाणार, या विचाराने मला जेवण गेले नाही. बाई ताटे उचलत होत्या. त्यांनी माझे भरलेले ताट पाहिले.

सकाळी माझ्या खाटेपाशी तपकिरी बूट ठेवलेले होते. शिवणीला मेण लावलेले, आत दोन जोड जाड मोजे. ते बाईंचे स्वतःचे होते. स्वतः त्यांनी लाकडी खडावा घातल्या होत्या. त्या म्हणाल्या, बूट खाली रस्त्यावरच्या दुकानात ठेवा, हमाल आठवड्याभरात आणून देईल. मी विचारले की, तोवर तुमचे कसे होणार? त्यांनी सांगितले, "मला कुठं जायचंय? चूल इथं, झरा इथं."

मी नमस्कार करून निघू लागले, तर त्यांनी पायऱ्यांकडे बोट दाखवले. "माझे आहेत म्हणून काय झालं? तीन फेऱ्या."

मी उत्तीर्ण झाले. आम्ही कडा ओलांडला. वर पोहोचलो तेव्हा धुके खाली गेले आणि डोंगरांच्या ओळींमागे ओळी दिसल्या. मुलगा कितीतरी वेळ टोपी हातात धरून उभा होता. त्याला एवढा निवांत मी त्याच्या लहानपणानंतर पाहिलेला नव्हता. दुपारी दोन वाजता आम्ही तिसऱ्या निवाऱ्यात पोहोचलो.

तेथे सामान वाहणारा हमाल चहा पीत बसला होता. खालून आला होता आणि कडा ओलांडून दुसऱ्या निवाऱ्याकडे जाणार होता. त्याची नजर माझ्या पायांवर पडली आणि त्याचा कप तसाच राहिला.

"हे बाईंचे बूट," तो म्हणाला. "मग उद्या त्या खाली उतरणार कशाने?"

तेव्हा सर्व उलगडा झाला. बाईंच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया परवा होती. बाई उद्या सकाळी सहा तासांची वाट उतरून आईकडे जाणार होत्या, आणि तीन-चार दिवस निवारा सांभाळण्यासाठीच हा हमाल निघाला होता. आई कोणाबरोबर जायला तयार नव्हती. मुलगी समोर असेल तरच डोळा उघडू देईन, असे तिने डॉक्टरांना बजावले होते.

मी तेथेच पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले. मुलाने विचारले की, उद्या तू काय घालशील? मी म्हटले, ते उद्या पाहू. तिसऱ्या निवाऱ्याच्या मालकांनी गोठा धुण्याचे रबरी बूट आणून दिले. तेथून खाली रुंद गाडीवाट असल्यामुळे ते चालण्यासारखे होते. हमालाने बाईंचे बूट गळ्यात अडकवले, चहा अर्धा टाकला आणि निघाला.

रोज संध्याकाळी निवारे वायरलेसवर एकमेकांना माणसांची खबर देतात. सात वाजता मालकांनी यंत्र माझ्या हाती दिले. पलीकडे बाई होत्या. बूट पोहोचले होते. माझा जीव भांड्यात पडला. मी विचारले, "सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घातले असते का?"

"नसते."

"मग," त्या म्हणाल्या. थोडी खरखर झाली. "कडा दिसला का, आजी?"

"दिसला, बाई. सगळा दिसला."

"बरं झालं."

दुसऱ्या दिवशी रबरी बुटांतून मी पचपच करत रस्त्यापर्यंत उतरले. पायांना तीन फोड आले. ते मला मुळीच जड वाटले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या निवाऱ्याच्या मालकांनी फोन करून कळवले की शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी सुटली तेव्हा बाई समोर बसल्या होत्या. आईने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "किती वाळलीस गं." हे लिहिताना मला फार समाधान वाटते.