ब्रह्मा घाटाची शिरगणती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या आसपासची मराठी वस्ती झपाट्याने वाढते आहे, तिच्यात तरुणांचा भरणा आहे आणि तिच्या भवितव्याची काळजी करण्याचं काहीही कारण नाही. हा शोध मी लावला. ऐन तिशीत, विद्यापीठाच्या संगणकावर, वीज असेल तेव्हा. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा चुकीचा होता.

मी लोकसंख्याशास्त्र शिकवायचो. आमच्या धंद्याची रीत तशी सोपी आहे. माणसांचे वयाप्रमाणे गट पाडायचे आणि दर पाच वर्षांनी प्रत्येक गट एकेक पायरी वर चढवायचा. वाटेत मरतील ते वजा, जन्मतील ते जमा. गाव सोडून जातील ते वजा, नवे येतील ते जमा. असं करत गेलं की वस्तीचं उद्या काय होणार ते कागदावर दिसू लागतं. पण सुरुवातीची माहिती घरोघर फिरूनच आणावी लागते, आणि आमच्या गल्ल्यांत घर म्हणजे आधी जिना. जेठाच्या उन्हात मी ते सगळे जिने चढलो. प्रत्येक जिन्याच्या टोकाला एक म्हातारं जोडपं, पाण्याचा तांब्या, एक पेढा आणि माझ्या लग्नाची चौकशी. घरात माणसं किती, एवढंच मला विचारायचं असे. "सात," असं खणखणीत उत्तर येई. सात लिहून मी गुडघे चोळत खाली उतरे.

आलेख वर चढला, मी विभागात मिरवून घेतलं. मग एका दुपारी, वेद शिकवणाऱ्या एका गुरुजींच्या घरी, सात माणसांच्या त्या घरात दोरीवर फक्त एक धोतर आणि एक लुगडं वाळताना दिसलं. बाकीची मंडळी कुठे आहेत, मी विचारलं. थोरला पुण्याला, धाकटा बँकेत, बंगळूरला, बायकापोरं अर्थातच त्यांच्याजवळ. मग ती इथे कशी मोजली? गुरुजींनी नापास शिष्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"रोज सकाळी त्यांच्या नावाची बुडी मारतो मी गंगेत. एकेकाचं नाव घेऊन. अन् तू म्हणतोस इथे नाहीत!"

मी जिन्यातच बसलो. दूर असलेल्या माणसाच्या नावाने गंगेत बुडी मारायची, म्हणजे त्यालाही स्नान घडतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्याच हिशेबाने सगळ्या मोहल्ल्याने मला माणसं सांगितली होती, हे मात्र आत्ता कळलं. माझ्या आलेखातली निम्मी तरुणाई रोज पहाटे पाण्यातून वर येत होती आणि पुण्या-बंगळूरला झोपलेली होती.

पुन्हा सगळे जिने. या वेळी प्रश्न बदलला : काल रात्री या घरात जेवले किती? आमच्या धंद्यातला हा जुना, पक्का प्रश्न आहे. पण तो विचारताना मला किती थकायला होई, ते काही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. "दोन," असं उत्तर हळू आवाजात यायचं. कुठे कुठे "एक". मघापर्यंत लग्नाची चौकशी करणारे एक आजोबा "दोन" म्हणाले आणि पेढा द्यायचं विसरले. नवा आलेख मी मांडला तेव्हा तो खाली खाली येत जमिनीला टेकला.

त्याच दिवसांत मला मुंबईहून नोकरीचं बोलावणं आलं. मला लहानाचं मोठं केलं आत्याने, आणि घरात आम्ही दोघंच. आत्याने क्षेत्रसंन्यास घेतलेला, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असं व्रत. तिने मुंबईला येणं शक्यच नव्हतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पण फोन खालच्या साडीच्या दुकानात, आणि "भैया बंबई जा रहे हैं" ही खबर दुकानदाराने संकठा घाटापर्यंत पोचवलेली.

दुसऱ्या फेरीतलं शेवटचं घर आमचंच. संध्याकाळी आत्या तांदूळ निवडत बसली होती. तिला हसवावं म्हणून मी दारातच सरकारी आवाज काढला आणि काल रात्री या घरात किती जण जेवले ते सांगण्याची विनंती केली.

"एक," आत्या म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करते आहे. तिने सुपातून मान वर केली नाही.

"तू चाललास मुंबईला. माझं काय ते मी बघेन. आज सकाळपासून तुझ्या नावाची बुडी सुरू केली. आत्तापासून सवय झालेली बरी."

म्हणजे मी वर अंथरुणात घोरत पडलेलो असताना ही खाली गंगेत मला परगावी धाडून आली होती. जी वस्ती गेलेल्यांनाही धरून मोजते, तिथे एकट्या माझ्या आत्याने समोर उभ्या असलेल्या माणसाला वजा केलं होतं.

मुंबईला मी नकार कळवला तो दुसऱ्या दिवशी. फार थोर विचारांती कळवला, असं कोणी समजू नये. दिवसभराचे जिने पायांत होते, पोटात भूक होती, आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या तोंडून जे निसटलं त्यातच सगळं ठरून गेलं होतं.

"मग काल वांग्यात मीठ कमी आहे म्हणून कोण ओरडलं?"