चोवीस भोकं

मोहितेकाका भोकं हिंदीत मोजायचे. शिरवळला लोखंडी शेड बनवणाऱ्या एका कारखान्यात मी ट्रेनिंगला गेले, त्या पहिल्या दिवशी ते ड्रॉइंगच्या खोलीत एका छापील नकाशावर वाकलेले होते. हातात लाल पेन्सिल. प्रत्येक भोकाचं माप ताडून त्यावर एक खूण आणि तोंडाने एक, दो, तीन, चार. चोविसावी खूण झाल्यावर त्यांनी मान वर केली. म्हणाले, "मोजताना मला हाक मारायची न्हाई. बाकी कवा बी मार."

मी हाक मारलीच नव्हती. दारात किती वेळ उभी होते, ते मलाही आठवत नाही.

काका लष्करात नकाशे काढायचे. तिथून निवृत्त होऊन शिरवळला आले. भावांचं घर आणि ऊस उंब्रजजवळच्या गावात, हे मात्र भाड्याच्या एका खोलीत. रविवारी सुट्टी असली तरी कारखान्यात येऊन बसायचे. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, खोलीवर घड्याळ लय वाजतं. एवढ्या महिन्यांत त्यांचा फोन वाजलेला मी क्वचितच ऐकला.

मी वडूजकडच्या दुष्काळी खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एखादी गोष्ट येत नाही असं म्हटलं, तर आपल्याला परत पाठवतील, ही भीती तेव्हा सतत असायची. म्हणून मी काही विचारायचेच नाही. काकांनी ते आठवड्याभरात ओळखलं. "तुमच्याकडं पाणी जपून वापरत्यात, ठावं हाय," ते म्हणाले. "तू शब्द बी जपून वापरतीस गं."

कॉम्प्युटरवर त्यांची एक ठरलेली पद्धत होती. खांबाखाली बसणारी पोलादी प्लेट आणि तिची चार भोकं यांचा ते ग्रुप बांधायचे, म्हणजे एकाला धरलं की सगळं मिळून सरकतं. भोकं मात्र दर प्लेटसाठी वेगळ्या लेअरवर काढायचे आणि त्या लेअरला कुलूप लावायचे. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. कुलूप लावलेल्या कागदावरचं काही हलत नाही. शेडच्या पायात बोल्ट आधीच रोवलेले असतात, म्हणून भोक चुकून केसभरही सरकायला नको, एवढ्यासाठी ही काळजी. कुणी ग्रुप तोडायला निघालं की ते अस्वस्थ व्हायचे. "फोडायला अक्कल लागत न्हाई," म्हणायचे. "हलत न्हाई म्हंजे कायतरी धरून ठेवलंय त्याला. काय ते आधी बघ."

एका शनिवारी काकांना गावी जायचं होतं. धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, आणि बऱ्याच वर्षांनी भावाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. सकाळपासून त्यांनी तीनदा दाढीवरून हात फिरवला. सहा प्लेटांचा एक नकाशा द्यायचा राहिला होता. मी करते म्हणाले. ते खूश झाले.

मापांच्या तक्त्यासाठी जागा हवी म्हणून मी एक प्लेट बाजूला सरकवली. प्लेट सरकली, भोकं जागच्या जागी राहिली. कुलूप माझ्या लक्षातच आलं नाही. वाटलं, ग्रुप बिघडला. काका चार पावलांवर पिशवी भरत होते, आणि मी विचारलं नाही. ग्रुप तोडला. भोकं तरीही हलेनात, पुसताही येईनात, तेव्हा मी तो लेअरच दिसेनासा केला आणि प्लेटवर नवी भोकं काढली. एक माप मध्यापासून घ्यायचं, ते कडेपासून घेतलं.

काकांनी छापील कागद हातात घेतला. लाल पेन्सिल शोधली, ती पिशवीच्या तळाशी गेली होती. एसटीची वेळ झाली होती. "मोजलीस न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. तपासणाऱ्याच्या चौकटीत त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात शेडच्या जागेवरून फोन आला. पाच खांब बसले होते, सहावा बोल्टांवर बसत नव्हता. मालक खोलीत येऊन उभे राहिले. काकांनी फाइल उघडली, बंद लेअर चालू केला. पडद्यावर चार भोकं तक्त्याच्या मधोमध उभी होती, आणि त्यांची प्लेट लांब कोपऱ्यात. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मालकांना म्हणाले, "सही माझी हाय."

मी तोंड उघडलं नाही. काकांच्या डोळ्यांना आता झेपत नसेल, त्यांनी आराम करावा, असं मालक अगदी गोड आवाजात म्हणाले. महिनाअखेरीला काका नोकरी सोडून गावी गेले. लाल पेन्सिल माझ्या टेबलावर होती.

आता मी सांगलीत नोकरी करते. ड्रॉइंगच्या खोलीत एकटीच असते. दोन वर्षं त्यांना फोन करायचं धाडस झालं नाही. गेल्या महिन्यात सुट्टी घेऊन मी उंब्रजला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. भावाच्या नव्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते राहतात. पुढच्या घरात टीव्ही चालू होता, माणसं हसत होती. काकांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः चहा टाकला. मी सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ग्रुप फुटलेला दिसला तवाच कळलं हुतं. मी मोजलं न्हाई, ती माझी चूक." चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुझी बी हाय. पर ती मला न्हाई, मालकाला सांगायची हुती."

मी कप हातात घेतला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्या फायलीत ग्रुप परत बांधला का कुणी?"

मला माहीत नव्हतं. तिथून मी सांगलीची गाडी धरली नाही, शिरवळला गेले. मालकांना सांगितलं. त्यांना ते शेड आठवायलाही वेळ लागला. ते जुनं झालं, म्हणाले, आणि फाइल बघायची परवानगी दिली. काकांच्या खुर्चीत नवा माणूस होता, तो उठून बाजूला झाला.

दुरुस्तीचा नकाशा वेगळा केला होता. जुनी फाइल तशीच होती. लेअर चालू केला. चार भोकं होती तिथेच उभी. मी तक्ता बाजूला केला, प्लेट त्यांच्यापाशी परत नेली, माझी चुकीची भोकं पुसली, ग्रुप बांधला. ग्रुपच्या माहितीच्या रकान्यात लिहिलं, भोकांच्या लेअरचं कुलूप काढून मगच हलवा. मग कागद छापून काकांना फोन लावला.

"मोजलीस?"

"मोजली काका. चोवीस."

"मला ऐकू येऊ दे."

मी काकांची लाल पेन्सिल पिशवीतून काढली, कागदावर टेकवली आणि मोठ्याने सुरुवात केली. एक, दो, तीन. नवा माणूस माझ्याकडे बघत राहिला. चोवीस झाली तरी काकांनी फोन ठेवला नाही. मी पहिल्या भोकापासून पुन्हा मोजायला लागले.