बत्तीगुल आणि तळाचा थर

कुणाच्याही घरात शिरला की बत्तीगुलचा हात आधी बटणाकडे जायचा. नमस्कार नंतर, पाणी नंतर. "बाई, लाईट घालवू का जरा? आभाळ लाजतंय," असं म्हणायचा, आणि माझं उत्तर येईपर्यंत ओटीवर अंधार झालेला असायचा. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. दिवसा तो पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायचा. अमावास्या जवळ आली की मोटरसायकलला कॅमेऱ्याची तिपाई बांधून गावोगावच्या गच्च्यांवर आभाळ टिपत फिरायचा. शाळेत मी त्याला इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून शेवटपर्यंत मी त्याची ‘बाई’ राहिले. त्याचं खरं नाव मी हजेरीपटात कित्येकदा लिहिलं असेल, पण गावाने दिलेलं हेच नाव माझ्याही तोंडात बसलं.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, की माझ्या मागच्या भिंतीवर ताऱ्यांचा जो फोटो आहे, त्यात उसापाशी धुरकट असं कोण उभं आहे. मी तेव्हा विषय बदलला. कॉलवर घाईत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

बत्तीगुल एका फोटोसाठी एकाच जागेवरून अनेक फोटो काढायचा. "एका नजरंत सगळं मावत न्हाई, बाई," तो म्हणायचा. "ताऱ्यांचा टाइम येगळा, जिमिनीचा येगळा." ओटीवरच्या दिव्याला क्षणभर पुरे, ताऱ्यांना वीसेक सेकंद, आणि काळोखातल्या जमिनीला चांगली दोन मिनिटं. मग स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तो हे सगळे फोटो एकावर एक ठेवायचा. त्यांना तो थर म्हणायचा. वरच्या थरावर जिथे काळा ब्रश फिरवील तिथे तो थर विरायचा आणि खालचा दिसू लागायचा. एकदा मी शेजारी बसून पाहिलं. जमिनीच्या फोटोत तारे ओघळल्यासारखे लांबट झाले होते. त्याने ते पुसत नेले, तसतसे खालून बारीक, टोकदार तारे वर येत गेले. ते सारा वेळ तिथेच होते, फक्त झाकलेले.

त्याचा नियम एकच होता. "हललं ते पुसायचं, थांबलं ते ठेवायचं." मोटारींचे दिवे, विमानं, अंगणातून गेलेलं कुत्रं, सगळं तो पुसून टाकी. मी विचारायची, "पुसलेलं जातं कुठे रे?" तो म्हणे, "कुठं बी न्हाई. खाली ऱ्हातं. मी थर कधी टाकून देत न्हाई."

त्या हिवाळ्यात तो आपल्या बोरी गावातल्या घरावरचं आभाळ टिपायला आला. ऊस तेव्हा विहिरीपर्यंत वाढला होता. शेतीची लाईट रात्रीच यायची, म्हणून तुमचे आजोबा बॅटरी घेऊन विहिरीवरची मोटर चालू करायला निघाले. बत्तीगुल गच्चीवर, मी चुलीपाशी. एवढ्यात वरून आवाज आला, "आप्पा, बॅटरी बंद करा. फोटो चाललाय. हाये तिथंच थांबा, हलू नका."

मग सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा थांबल्याचं मला आठवतं. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. किती तरी वेळाने वरून "झालं आप्पा, जावा" ऐकू आलं, आणि पाठोपाठ मोटरचा आवाज.

आजोबा परत आले ते पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "उसातून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं."

"गच्चीवरून बत्तीगुल बघत होता," मी म्हटलं. "जेवून घ्या, भाकरी करपलेली आहे."

"तो वरून. हे कमरेएवढ्या उंचीवरून होतं."

आठ दिवसांनी फोटो आला. घर, ओटीवरचा दिवा, वर ताऱ्यांनी गच्च भरलेलं आभाळ. माणूस कुठेच नव्हता.

त्यानंतर बत्तीगुल बदलला. अंगणात शिरताना खोकू लागला, बॅटरी चालू ठेवू लागला. बटणाकडे हात जाईना. एक दिवस लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने बसवून गेला. "आप्पा, रातीचं भाईर जायचं न्हाई आता," एवढंच म्हणाला. पुढे तो स्टार्टर तपासायला म्हणून वारंवार यायचा, चहा प्यायचा आणि आजोबांकडे बघत बसायचा. आजोबा थट्टा करत, "अरे, मशिनला ताप आलाय का?"

पावसाळ्यात आजोबा गेले, स्वतःच्या अंथरुणात, झोपेत. तेराव्यानंतर फोटो शोधले तर प्रत्येक फोटोत ते कुणाच्या तरी लग्नात, फेटा बांधून उभे. मला आपल्या अंगणातले ते हवे होते. मी एसटीने जुन्नरला गेले.

"त्या रात्री तू त्यांना थांबवलं होतंस. तो थर दाखव."

"पुसला, बाई."

"पुसलेलं खाली राहतं. तूच सांगायचास."

तो कॉम्प्युटरपुढे बसला. मग त्याने चित्र उघडलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की थर दिसेनासा होतो. तो एकेक डोळा मिटत गेला. दिवा गेला, रिकामी जमीन गेली, तारे गेले. तळाशी आजोबा उभे होते. पूर्ण दोन मिनिटं ते तिथे नव्हते, म्हणून पुरते उमटले नव्हते. पांढऱ्या सदऱ्यातून मागचा ऊस दिसत होता. आणि त्यांच्या मागे, कमरेच्या उंचीवर, उसात दोन हिरवट ठिपके.

"आधी कचरा वाटला. कॅमेरा तापला की आसं ठिपकं येत्यात," तो म्हणाला. "मोठं करून बघितलं, तर कान व्हते. बॅटरी बंद व्हायच्या आधी झोत त्याच्यावरनं फिरला आसंल. पाच हातांवर बिबट्या, आन मी आप्पांना म्हणलं, हलू नका."

"त्यांना सांगितलंस?"

"त्याच्यासाठीच स्टार्टर बघाया येत व्हतो, बाई. तोंडातनं शबुद फुटला न्हाई."

मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. पण पडद्यावर आजोबा सांगितल्याप्रमाणे ताठ उभे होते, आणि ते जनावरही.

"तारे परत वर लाव आणि यांच्यासकट छापून दे," मी म्हटलं.

"ठिपकं तेवढं पुसतो."

"नको. थांबलं ते ठेवायचं ना? तोही थांबला होता."

आता भिंतीवर आहे तो फोटो द्यायला बत्तीगुल शेवटचा आला. स्टुडिओ विकून मुलीकडे शहरात चालला होता. "तिथं आभाळच दिसत न्हाई, बाई. बरं हाये," म्हणाला. दिवेलागण झाली होती. जाताना ओटीवरचा दिवा त्याने स्वतः लावला.

ओटीला आता जाळी आहे, त्यामुळे काळजी करू नका आणि आईला घाबरवू नका. जेवणाआधी मी तो दिवा घालवते आणि जाळीच्या आत दोन मिनिटं न हलता उभी राहते. पलीकडे स्टार्टर खट् करतो, मोटर चालू होते. उसाच्या कडेला कुणीतरी माझ्याइतकंच स्थिर उभं आहे असं वाटतं. कमरेच्या उंचीवर की माणसाच्या, ते अजून नीट कळलेलं नाही.