चाकवाल्या ताई आणि एका रांगेतल्या जागा

चाकवाल्या ताईंची आणि माझी ओळख माझ्या दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्यामुळे झाली. उतारवयात मी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागलो. तो वर्ग बाजारातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरतो आणि त्याच इमारतीत खाली, जिन्याला लागून, ताईंचे बॅगा दुरुस्त करण्याचे दुकान आहे. एके दिवशी जिना चढताना पट्टा तुटला व माझी पुस्तके पायऱ्यांवरून घरंगळत त्यांच्या दारापर्यंत गेली. त्यांनी ती गोळा केली, दप्तर उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "नातवाचं का?" मी म्हणालो, "माझंच आहे." त्या हसल्या नाहीत. पट्ट्याला दुहेरी शिलाई घालत म्हणाल्या, "विद्यार्थी दप्तर फेकतात. तुम्हीही फेकालच."

तेव्हापासून वर्ग भरण्याआधी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर थोडा वेळ बसण्याचा माझा परिपाठ झाला. ही हकिकत काही अंशी मी स्वतः पाहिलेली आहे आणि उरलेली त्यांनी काम करता करता मला सांगितलेली आहे.

दुकान इतके अरुंद आहे की मोठी बॅग आत आली की गिऱ्हाइकाला बाहेर उभे राहावे लागते. भिंतीवरच्या खिळ्यांना चाकांच्या जोड्या टांगलेल्या असतात, फळीवर चेनची रिळे असतात आणि दाराशी एक लाकडी चौकट उभी असते. स्वस्तातल्या विमान कंपन्या हातातली बॅग केवढी असावी याचे माप ठरवून देतात. त्या मापाची ही चौकट ताईंनी सुताराकडून करून घेतली होती. बॅग तिच्यातून पार झाली तर विमानात जाणार, अडकली तर नाही. एक स्थूल गृहस्थ एकदा गमतीने म्हणाले, "ताई, मीही जाऊन बघू का हिच्यातून?" ताई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "जा की. अडकलात तर चाकं लावून देईन."

आमच्या बाजारात कामाची एक वाटणी आहे, ती येथे सांगणे आवश्यक आहे. कोपऱ्यावरचे बूटवाले कातडे शिवतात, परंतु चाकाला हात लावत नाहीत. तरीही आलेले काम कोणी परत पाठवत नाही. ते ठेवून घ्यायचे आणि ज्याच्या हातचे असेल त्याच्याकडे मागल्या दाराने पोचवायचे, अशी येथली रीत आहे. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे कोणाचेही चाक कोठेही तुटले तरी ते अखेरीस ताईंच्या पुढ्यात येऊन पडते. ताईंच्या मुलाला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने अभ्यास करावा म्हणून ताईंनीच त्याला लहानपणापासून दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. आज तो एका कार्यालयात चांगल्या जागेवर आहे.

ताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना प्रवासाला धाडले आणि स्वतः कोठेही गेल्या नाहीत. त्यांची एकच इच्छा होती. घरातल्या सर्वांनी मिळून एकदा समुद्र पाहायचा, आणि तेथे विमानाने, एका रांगेत बसून जायचे. विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा असतात, हे त्यांनी गिऱ्हाइकांना विचारून पक्के करून घेतले होते. त्या आणि त्यांचे यजमान, मुलगा, सून, नात आणि लग्न न केलेली लेक, अशी बरोबर एक रांग भरत होती. लेक आपल्या नोकरीच्या गावी राहते. "रांग आपल्यासाठीच केलेली आहे," असे त्या मला मोठ्या समाधानाने म्हणाल्या.

मुलाने स्वस्त कंपनीची तिकिटे काढली. ताईंनी एकाच राखाडी कापडाच्या सहा बॅगा स्वतः शिवल्या, आतून निळे अस्तर लावले आणि प्रत्येक बॅग चौकटीतून पार करून पाहिली. यजमानांना कमी ऐकू येते. ताईंच्या मते त्यांना सोयीचे तेवढे ऐकू येते. ते एकसारख्या बॅगांची ओळ पाहून म्हणाले की हे कुटुंब कमी आणि बँडपथक जास्त दिसते आहे.

त्यानंतर कंपनीचे निरोप येऊ लागले. आधी विमानाची वेळ बदलली. मग दिवस बदलला. मग विमान रद्द झाले आणि पुढच्या एका शनिवारची जागा मिळाली. दुकानात गिऱ्हाइके येऊन जे सांगत तेही उत्साह वाढवणारे नव्हते. एक परिचारिका विमानतळावरच्या फरशीवर झोपून परत आली होती. एक जोडपे तर तेथून थेट ताईंच्या दुकानात आले आणि चौकटीवरच राग काढू लागले. "बॅग मापात बसली हो तुमच्या," नवरा म्हणाला, "पण विमानच आलं नाही, तिला घालू कशात?"

तेव्हा ताईंनी एका रविवारी घरातल्यांना बसवले. लेकही आली होती. प्रश्न सरळ होता. या कंपनीचा नाद सोडून दुसऱ्या, भरवशाच्या कंपनीची महाग तिकिटे काढायची, की आहे त्या तिकिटांवर थांबायचे? ताईंनी चहा ओतला आणि आपले मत आधी मांडले. त्या म्हणाल्या की मी आज देते म्हटलं की बॅग आज देते, तेही धंदाच करतात, जागा विकली म्हणजे शब्द दिला, चुकत असेल त्यांचं, पण शनिवारी नेतील, तेव्हा थांबावं. मग त्यांनी एकेकाला विचारले. मुलगा म्हणाला, तू म्हणशील तसं. सून म्हणाली, आईंना बरं वाटेल ते. लेक म्हणाली, मला फक्त खिडकी द्या. यजमानांनी "काय म्हणालात?" असे विचारले आणि उत्तर येण्याआधीच मान हलवली. नात झोपली होती. ताईंनी हा सर्वांचा होकार मानला आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितले की घर कसे एका विचाराचे आहे.

त्याच आठवड्यात मी स्टुलावर बसलो असताना बूटवाले एक मोठी काळी बॅग घेऊन मागल्या दाराने आले. एक चाक निखळले होते. "एवढं बघा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला शुक्रवारी विमान धरायचं आहे. घाईत होता बिचारा."

ताईंनी बॅग आडवी केली, चेन उघडली आणि चाकाचे स्क्रू सापडावेत म्हणून अस्तराखाली हात घातला. हात तेथेच थांबला. त्यांनी अस्तर उलटे करून पाहिले. आत लाल कापडाचे एक ठिगळ होते.

"कोणी दिली?" त्यांनी विचारले.

"नाव नाही विचारलं. ऑफिसातला दिसत होता. म्हणाला, बाजारात कुणाला दाखवू नका, तुमचं तुम्हीच करा." बूटवाले हसले. "मी म्हटलं, करतो की. आता मला चाक येत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बॅग उचलून चौकटीला लावली. ती अर्ध्यावरच अडकली. बॅग खाली घेऊन त्यांनी नवे चाक बसवले. दुसरेही झिजले होते, तेही बदलले. बूटवाल्यांना म्हणाल्या, "त्याला सांगा, दोन्ही बदलली. एकच बदललं असतं तर चालताना ओढली असती."

बूटवाले गेल्यावर मी विचारले, बॅग कोणाची होती. "माझ्या मुलाची," ताई म्हणाल्या. "पहिल्यांदा नोकरीवर निघाला तेव्हा ते ठिगळ मी लावलं होतं." त्यानंतर मी वर वर्गात गेलो, परंतु त्या दिवशीचा धडा माझ्या डोक्यात शिरला नाही.

पुढचे त्यांनी मला सांगितले ते असे. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना ताईंनी वाढता वाढता विचारले, "शुक्रवारी किती वाजता निघायचंय तुम्हाला?" मग हळूहळू सारी हकिकत बाहेर आली. मुलाने दुसऱ्या कंपनीची शुक्रवारची चार तिकिटे काढली होती. त्याची, सुनेची, नातीची आणि लेकीची. आईवडिलांनी जुन्या तिकिटावर शनिवारी मागून यावे, आणि विमान पुन्हा रद्द झाले तर त्या वेळी काय ते पाहावे, असे ठरले होते. आईला कोणी सांगायचे, एवढेच ठरले नव्हते. मुलाला वाटले बहीण सांगेल. लेकीने फोनवर कबूल केले की तिला वाटले वहिनी सांगेल. सुनेला वाटले सासरे सांगतील.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" ताईंनी यजमानांना विचारले. यजमानांनी ताटाकडे पाहत मान हलवली. "एवढं बरं ऐकू आलं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी मुलाला विचारले की आमची तिकिटे का नाही काढलीस. तो म्हणाला, "तुझं काढायचं म्हणजे तुला सांगावं लागलं असतं."

"मी रविवारी विचारलं होतं सगळ्यांना."

"तू विचारलं नव्हतंस, आई. तू सांगितलं होतंस."

हे वाक्य ताईंनी मला सांगितले तेव्हा त्या एका बॅगेची मूठ बसवीत होत्या आणि त्यांनी वर पाहिले नाही. "खोटं नाही बोलला तो," त्या म्हणाल्या. "पण त्याने खरं बोलायला त्याची बॅग माझ्या हाती लागावी लागली. आणि चाक तुटलं तर आईचं दुकान सोडून कोपऱ्यावर गेला. चोरीचा माल असल्यासारखा."

मुलाने चूक सुधारण्याचा प्रयत्न केला, हे लिहिणे न्यायाचे आहे. त्याने तेथेच फोन काढून पाहिले. शुक्रवारच्या विमानात अगदी मागे, एकमेकांपासून लांब, दोन जागा शिल्लक होत्या. तो म्हणाला, आत्ता काढतो, सगळे बरोबर जाऊ. आता निर्णय ताईंच्या हाती होता. त्या जागा घेतल्या असत्या तर समुद्र नक्की दिसला असता. ताईंनी ताटे उचलली, ओटा पुसला आणि मग उत्तर दिले.

"मी ज्या जागेला हो म्हटलंय, त्या जागेवर बसेन. तुम्ही तुमचं शुक्रवारी जा. नातीला खिडकी द्या."

मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील, कमी ऐकू येणारी माणसे बोलतात तसे, उगाच मोठ्याने म्हणाले, "मी हिच्याबरोबर." ताई मला नंतर म्हणाल्या, "ठरलं तेव्हाच बोलले असते हे, तर गोड लागलं असतं."

शुक्रवारी चौघे गेले. विमान वेळेवर सुटले.

शनिवारी दुकान बंद असणार म्हणून मी त्या दिवशी सरळ वर्गाला जाणार होतो. परंतु जिन्याशी आलो तर फळ्या उघड्या होत्या आणि ताई शिलाईच्या यंत्रावर बसल्या होत्या. दोन राखाडी बॅगा शेजारी तशाच भरलेल्या होत्या. मी स्टुलावर बसलो. त्यांनीच सांगितले.

"फलकावर आमच्या विमानाची ओळ होती. यांना वाचून दाखवायला सांगितली, तेव्हाही होती. पाणी पिऊन आलो, तर नव्हती." खिडकीवरच्या मुलीने त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख देऊ केली. ताईंनी तिला विचारले की तेव्हा नक्की का. ती मुलगी म्हणाली की तसे आम्ही सांगू शकत नाही. "निदान तोंडावर सांगितलं तिने," ताई म्हणाल्या.

इतक्यात फोन वाजला. समुद्रावरून लेकीचा होता. ताईंनी तो वाजू दिला, मग उचलला. "पोचलात ना? बरं झालं. नाही, आमचं नाही झालं. नाही गं, रडायचं काय त्यात. समुद्र कुठे पळून जात नाही. पोरीला पाण्यात फार आत सोडू नका." फोन ठेवून त्यांनी पुन्हा यंत्राचे पायडल दाबले. शिवण संपल्यावर म्हणाल्या, "कंपनीचा मला राग नाही. ती मला ओळखत नव्हती. ही माणसं ओळखतात, म्हणून तर त्यांनी लपवलं."

मंडळी परत आल्यावर वरकरणी सर्व पूर्वीसारखे झाले. सून मला एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली की आता घरात काही ठरवायचे असले की आई सर्वांत शेवटी बोलतात. परंतु आईंच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय दुसरे कोणी तोंड उघडत नाही, आणि सगळ्यांचा चहा निवून जातो. समुद्राचा विषय पुन्हा निघालेला नाही. पुढच्या महिन्याची तारीख ताईंनी घेतलीच नव्हती.

काही आठवड्यांनी वर्गाहून उतरताना त्यांनी मला हाक मारली. स्वतःसाठी शिवलेली राखाडी बॅग त्यांनी उसवली होती आणि त्याच कापडाचे माझ्यासाठी नवे दप्तर केले होते. निळे अस्तर तसेच ठेवले होते. मी संकोचाने नको म्हणालो. त्यांनी ते माझ्या खांद्यावर अडकवले, पट्टा ओढून पाहिला, आणि एवढेच मागितले.

"टोचलं, उसवलं, नाही आवडलं, तर इथेच घेऊन या. दुसऱ्या कुणाकडे देऊ नका."